आपलं गिऱ्हाईक कोणतं?

(देऊळघाट येथे बचतगटांतल्या बायांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रोपं कशी करायची हे सांगायला तुम्ही मला बोलावलेलं नाही, हे बरं झालं. ते तुम्हांला माझ्याहून चांगलं येतं. निंबोळी झाडाखाली पडली की पंधरा-वीस दिवसांत लावावी लागते, ठेवली की ती उगवत नाही, हे मला एका म्हाताऱ्या मावशीनंच शिकवलं होतं. तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि तुम्ही तो चिठ्ठीत अगदी सरळ विचारलाय. रोपं आहेत, खड्डे करायला हात आहेत, बाग लावून द्यायची आणि तिची निगा राखायची तयारी आहे. पण काम कोणाचं घ्यायचं आणि कोणाचं नाही?

हा प्रश्न बायका सहसा विचारत नाहीत. 'काम मिळालं' एवढ्यावरच आपण खूश होतो. पुरुष दुकान टाकतो तेव्हा नाक्यावर बसून आठ दिवस कोण येतं-जातं ते बघतो. आपण मात्र पापड केले, लोणची केली, आणि मग विचारलं, आता हे घेणार कोण? मग कोणीतरी साहेब प्रदर्शन भरवतो, तिथे तीन दिवस टेबल मांडतो, आणि चौथ्या दिवशी उरलेला माल पिशवीत भरून घरी आणतो. रोपाचं तर त्याहून वाईट. पापड डब्यात राहतो. रोप पन्नीत राहत नाही. पावसाळा गेला की मुळं पन्नी फाडून जमिनीत जातात, आणि मग ते उपटलं तर मरतं. म्हणून या धंद्यात गिऱ्हाईक आधी आणि बी नंतर. जून-जुलैत जे रोप विकायचं त्याची पन्नी डिसेंबर-जानेवारीत भरायला लागते. म्हणजे गिऱ्हाईक दिवाळीतच ठरलं पाहिजे.

आता तुमच्यापुढे जे काम आलंय त्याबद्दल आधी बोलते, कारण तुमचं अर्धं लक्ष तिकडेच आहे. बुलढाण्याच्या रस्त्यावर कोणी ले-आउट पाडतोय. त्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाचशे झाडं हवीत, कमानीजवळ लॉन हवंय. झाडामागं दीडशे रुपये देतो म्हणतो. लावायचं तुम्ही, वर्षभर मेलेलं झाड बदलून द्यायचं तुम्ही, आणि पैसे प्लॉट विकले गेले की. तुमच्यातल्या काही जणी म्हणतात, पंचाहत्तर हजारांचं काम आहे, सोडायचं कसं?

चला, पाटीवर मांडू. समजा पन्नी, माती, शेणखत, आठ-दहा महिन्यांचं पाणी धरून रोप चाळीस रुपयांना पडलं. पाचशेचे वीस हजार. दहा बाया बारा दिवस राबल्या, तीनशे रुपये रोजानं छत्तीस हजार. गाडीभाडं चार हजार. झाले साठ हजार. उरले पंधरा. हे साठ हजार आणायचे कुठून? गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजानं. म्हणजे महिन्याला बाराशे. प्लॉट विकायला वर्ष लागलं तर चौदा हजार चारशे व्याजातच गेले. त्यात शंभर झाडं मेली आणि बदलून दिली, तर तुम्ही त्या माणसाला पदरचे पैसे देऊन झाडं लावून दिलीत. आणि गटातून नाही, दारावर येणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्याकडून उचललेत तर व्याज त्याहून जास्त, आणि आठवड्याचा हप्ता प्लॉट विकण्याची वाट बघत नाही.

इथे आणखी एक गोष्ट बघा. ले-आउटवाल्याला झाड नकोच आहे. त्याला प्लॉट बघायला येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर सहा महिने हिरवं हवंय. प्लॉट विकला की त्या झाडाला पाणी घालायला तिथे कोणीच नाही. मग 'मेलं तर बदलून द्या' ही अट तुमच्यावर कशाला? पाणी घालणं ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. तुम्ही त्याला सांगा, अर्धे पैसे खड्डे खणण्याआधी, बाकीचे लावल्यावर आठ दिवसांत, आणि निगा राखायची असेल तर तिचे महिन्याचे वेगळे. तो हो म्हणाला तर ते गिऱ्हाईक आहे. नाही म्हणाला तर तो तुमच्याकडून बिनव्याजी कर्ज मागायला आला होता, त्याचं नाव बागकाम ठेवून.

हा अनुभव जगात सगळीकडचा आहे. केनियातल्या वंगारी मथाई यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यांची 'ग्रीन बेल्ट' चळवळ प्रसिद्ध आहे, पण त्याआधीची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९७० च्या दशकात त्यांनी 'एन्व्हायरोकेअर' नावाची एक छोटी कंपनी काढली होती. रोपवाटिका करायची, झाडं लावायची आणि त्यातून गरीब माणसांना रोजगार द्यायचा. काम होतं, हात होते, पण पैसा उभा राहिला नाही आणि कंपनी बंद पडली. पुढे १९७७ साली केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेमार्फत त्यांनी नव्यानं सुरुवात केली. या वेळी रोपं बायकांनी आपापल्या गावात करायची, आपल्याच शेतात, शाळेत, चर्चच्या आवारात लावायची, आणि जगलेल्या रोपामागे बाईला थोडे पैसे मिळायचे. कोट्यवधी झाडं त्यातून लागली. बाया त्याच देशातल्या, झाडंही तीच. रोप कोणासाठी आणि पैसा कोणाकडून, हे बदललं.

आता बंगलेवाल्यांकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्याचं गाव. साहेबांची, वकिलांची, डॉक्टरांची, प्राध्यापकांची घरं. उंचावर असल्यानं हवाही बरी, फुलझाडं तिथे तग धरतात. पण सगळेच बंगले आपले नाहीत. काहींना शेगावच्या आनंद सागरसारखं काहीतरी अंगणात हवं असतं, कारंजं, गोल कापलेली झुडपं, परदेशी ताड. ती रोपं ट्रकनं येतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, गोदावरीकाठी, तिथे मैलोगणती नर्सऱ्याच नर्सऱ्या. आपल्याकडे पुण्याजवळ उरुळी कांचनला तसंच. शोभेच्या झाडाच्या किमतीत त्यांच्याशी आपण पुरे पडणार नाही, आणि पडायची गरजही नाही. ज्याला ते हवं त्याला शहरातल्या नर्सरीचा पत्ता द्या, हसून द्या.

लॉन मागणाऱ्याला मात्र एक हिशोब जरूर सांगा. हजार चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात रोज साधारण पाचशे लिटर पाणी लागतं. दोनशे लिटरचे अडीच ड्रम, रोज. बुलढाणा शहर ज्या येळगावच्या धरणावर अवलंबून आहे त्या पैनगंगेच्या काठावरच तर तुम्ही राहता. मे महिन्यात तिथे काय उरतं ते तुम्हांला मी सांगायला नको. नळ चार-आठ दिवसांनी येणाऱ्या घरात लॉन लावून दिलं तर ते एप्रिलात पिवळं पडतं आणि बोल तुम्हांला लागतो. तेव्हा पहिल्या भेटीत रंगीत चित्रं दाखवू नका. आधी विचारा, पाणी कुठलं, विहीर आहे की बोअर, उन्हाळ्यात कोण घालणार. मग अंगणात फिरा. न्हाणीचं पाणी कुठे जातं बघा. तिथे कढीपत्ता, गवती चहा, अळू, केळ लावता येते. पश्चिमेच्या भिंतीला कडुनिंब किंवा करंज. मोगरा, जास्वंद, पारिजातक, कुंपणाला मेंदी. ज्या घराला हे ऐकून बरं वाटतं ते तुमचं घर.

आणि कोनोकार्पस कोणी मागितला तर देऊ नका. झरझर वाढतो, बारा महिने हिरवा, म्हणून लोकांना आवडतो. गुजरात सरकारनं २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पक्ष्याला त्याचा उपयोग नाही आणि मुळं पाइपलाइनमध्ये, गटारात शिरतात म्हणून तक्रारी होत्या. 'गिऱ्हाईक मागतं म्हणून' हे उत्तर मला पटत नाही. किराणावाला आपल्याला सडकी तूर विकतो तेव्हा तो तेच म्हणतो.

बंगल्यात आणखी एक बघायचं, ते फक्त बाईच बघू शकते. झाडाची आवड घरात कोणाला आहे? बहुतेक ठिकाणी ती बाईला असते. पैसे मात्र नवऱ्याकडे. तिनं प्रेमानं चहा दिला, सगळं ठरवलं, आणि संध्याकाळी साहेब आले आणि म्हणाले, गवत काढायला एवढे पैसे? तेव्हा दर ठरवताना दोघंही समोर असू देत, आणि कागदावर लिहा. एक गोष्ट मात्र मी बघितलीय. ज्या घरात बाई नोकरी करते, शिक्षिका आहे, नर्स आहे, तिथे महिन्याचं काम वर्षानुवर्षं टिकतं. तिला वेळ नसतो, कामाचं मोल तिला कळतं, आणि पैसे तिच्या पर्समध्ये असतात. निवृत्त झालेली जोडपी, मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली, तीही चांगली. त्यांना झाडाइतकंच कोणीतरी येण्याचं असतं. पण तिथे जरा जपून. चहा, गप्पा, 'जरा भांडी पण घासून जा गं' असं करत करत बागकाम कधी घरकाम होतं ते कळत नाही. भांड्यांचे पैसे वेगळे, हे हसत पण लगेच सांगायचं.

कप वेगळा ठेवणारी घरं अजून आहेत. मी नावं घेत नाही. आपल्या गटात बौद्ध बाया आहेत, मुसलमान भाबी आहेत, माळी आहेत, मराठा आहेत. एका बाईला दारात आणि दुसरीला ओसरीवर, असं ज्या घरात होतं तिथे कोणीच जायचं नाही, हा ठराव आमच्या गटानं फार वर्षांपूर्वी केला. त्यानं काही कामं गेली. त्यातलं एक चांगलं मोठं होतं. गट मात्र फुटला नाही.

आणि लघवीला जायची सोय. हसू नका. सकाळी आठ ते दुपारी दोन तुम्ही कुणाच्या आवारात राबणार. तिथे बाईला जायला जागा नसेल तर ती दिवसभर पाणी पीत नाही, उन्हात. ठरावाच्या कागदावर हे लिहा. एकटीनं कामाला जायचं नाही, दोघी-दोघींनी जायचं. २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा झाला, त्यात खाजगी घर हेसुद्धा कामाचं ठिकाण धरलंय. अशा ठिकाणी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ती समिती कुठे बसते, तिथे कोण आहे, हे वाईट काही घडायच्या आधीच विचारून ठेवा.

सरकार हे गिऱ्हाईक म्हणून कसं? मोठं, पण लहरी. २०१६ साली महाराष्ट्रात दोन कोटी झाडांचा कार्यक्रम झाला, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा, २०१९ ला तेहतीस कोटींचं उद्दिष्ट. ज्या वर्षी असा कार्यक्रम निघतो त्या वर्षी जुलैत रोपं कमी पडतात. पुढच्या वर्षी तीच रोपं कोणी विचारत नाही. म्हणून सामाजिक वनीकरणाकडून लेखी मागणी आली तरच त्यांच्यासाठी रोपं करा, आणि निम्म्याहून जास्त पन्न्या त्यांच्या भरवशावर भरू नका. चुकारा उशिरा येतो, हे धरूनच चाला. बाग आणि देखभाल ही सेवा म्हणून 'उद्यम'वर गटाची नोंद करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांत पैसे न देणाऱ्याला चक्रवाढ व्याज लागतं. कायदा आहे म्हणून पैसे धावत येत नाहीत, पण बिलावर ती ओळ छापलेली असली की बाबू बिल खालून वर काढतो.

ग्रामपंचायत त्यापेक्षा जवळची. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंच बाई असेल आणि सही तिचा नवरा करत असेल, तर आपलं काम तिच्याशीच आहे असं म्हणून तिच्यासमोर बसा. त्यात आपलंही काम होतं आणि तिचंही. शाळांच्या परसबागा आहेत, २०१९ साली केंद्रानं शालेय पोषण बागांच्या सूचना काढल्या. अंगणवाड्या आहेत. यात पैसा थोडा, पण शेवगा, पालक, कढीपत्ता यांची मागणी बारमाही, आणि मुलांच्या आया उद्याचं गिऱ्हाईक.

मंगल कार्यालयं, पेट्रोल पंप, दवाखाने, पतसंस्था, देवस्थानं, दर्गे. ही सगळी एकदा पायी हिंडून बघा. ज्यांच्या आवारात आत्ता वाळलेल्या कुंड्या आहेत ते खरं गिऱ्हाईक. त्यांनी एकदा पैसे घातलेत, म्हणजे इच्छा आहे, आणि निगा राखणारं कोणी नाही. नवी बाग लावण्यापेक्षा मेलेली जगवण्याचं काम मला नेहमी जास्त आवडतं. त्यात रोकड गुंतत नाही, महिन्याच्या महिन्याला पैसा हातात येतो. लावणीत एकदाच मिळतं. दहा ठिकाणची महिन्याची निगा हाती आली की गटाला उन्हाळ्यातही रोज पडतो, आणि उन्हाळ्यातच तर घरात पैसा नसतो.

घाटाखाली जायचं का, असंही तुमच्यातल्या एकीनं विचारलंय. मलकापूर, नांदुरा, खामगाव. तिथे पैसा आहे, पण ऊन वेगळं, जमीन काळी आणि चिकट. इथे जगणारं झाड तिथे जगेलच असं नाही. शिवाय जाण्यायेण्यात दिवस जातो आणि घरी रात्री आठला पोचल्यावर स्वयंपाक तुम्हांलाच आहे. एसटीनं तासाभराच्या आतलं गिऱ्हाईक तेच आपलं, असं मी तरी सांगेन. नवरे भाकरी टाकायला लागले की खामगावचा विचार करू.

शेतकरी राहिला. बांधाला साग, बांबू, कुंपणाला करवंद, सीताफळ, आवळा. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. पण फळझाडांची रोपं-कलमं विकायला परवाना लागतो, १९६९ चा रोपमळ्यांचा कायदा आहे. कृषी खात्याकडे अर्ज करायचा. मातृवृक्ष कुठले, जागा कोणाची हे ते विचारतात. आणि इथे आपली गाडी अडते, कारण जागा कोणाच्याच नावावर नाही. सातबारा नवऱ्याचा, सासऱ्याचा, दिराचा. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या वेळी बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या, त्या गावांत अशा अर्जाला त्रास कमी. तुमच्यापैकी कोणाच्या नावे दोन गुंठे आहेत? … दोघींच्या. बरं. रोपवाटिका त्या दोघींच्या जागेवर करा, भाडेकरार लिहून करा, भाडं द्या. दिराच्या वावरात फुकट करू नका. धंदा चालायला लागला की दिराला वावर लागतं.

जोतीरावांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या घरी फुलं पुरवायचं काम मिळालं, म्हणून 'फुले' म्हणायला लागले, हे तुम्ही वाचलं असेल. एकच गिऱ्हाईक, पण पेशवा! तसं गिऱ्हाईक आपल्याला मिळायचं नाही. मिळालं तरी मी म्हणेन एकावर भिस्त नको. एकाच दारातून निम्म्याहून जास्त पैसा यायला लागला की दुसरं दार शोधायला निघा.

आता काय करायचं ते सांगते. येत्या आठवड्यात चौघी-चौघींच्या तीन टोळ्या करा. एक बुलढाण्यात सर्क्युलर रोडकडे, एक शाळा-दवाखाने, एक इथलीच आजूबाजूची गावं. वहीत लिहायचं, घर कोणाचं, पाणी कुठलं, बोलली कोण, पैसे कोणाच्या हातून, आत्ता बाग कोण बघतं आणि त्याला काय देतात. गडी बाग बघत असेल तर त्याला जे देतात तेच आपण मागायचं. बाई आहे म्हणून पन्नास रुपये कमी, हे आपल्या तोंडून तरी निघू नये. एखादा म्हातारा माळी तिथे वर्षानुवर्षं काम करत असेल तर ते घर सोडा, त्याच्या पोटावर आपला धंदा नको. घरं पन्नास लिहिलीत तर त्यातली सात-आठ कामाची निघतील. तेवढी पुरेत पहिल्या वर्षाला.

ले-आउटवाल्याकडे परवा जाताय ना? पाच जणी जा. हिशोबाची पाटी सोबत न्या, तोंडी सांगू नका. अर्धा इसार हातात पडल्याशिवाय कुदळ उचलू नका, आणि पावतीवर अध्यक्ष-सचिव दोघींच्या सह्या घ्या. तो म्हणेल, दुसरे स्वस्तात करायला तयार आहेत. असतील. तुमच्या पन्न्यांतली पाचशे रोपं त्याच्यावाचून वाळणार नाहीत. शंभर-दीडशे शाळा-अंगणवाड्यांत जातील, उरलेली मोठ्या पन्नीत बदलून ठेवा. पुढच्या वर्षी ती छातीएवढी होतील, आणि छातीएवढ्या झाडाला लोक दुप्पट देतात.